उताराचं माप

क्लबात त्याला सगळे मापाडी म्हणत. हे नाव ठेवलं होतं हजेरी घेणाऱ्या कारकुनाने, तेही चेष्टेत. पण ते असं काही चिकटलं की पुढे त्याची बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे मापाडी" म्हणू लागली. त्याला राग नव्हता. उलट ती त्याला पदवी वाटे, आणि पदवी मिळालेल्या माणसासारखाच तो जरा ताठ चाले.

काम काय, तर गवत किती पळतं ते मोजायचं. गवत पळत नाही हे त्यालाही माहीत होतं. गोल्फच्या मैदानात चेंडू घालायचं जे भोक असतं, त्याच्या आसपासचं गवत गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं. त्याला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू हलकेच ढकलला की तो किती लांब घरंगळत जातो, यावर खेळणाऱ्यांचं सगळं सुखदुःख अवलंबून. लांब गेला तर ग्रीन फास्ट, लवकर थांबला तर स्लो. फास्ट असणं प्रतिष्ठेचं आणि स्लो असणं लाजेचं, हे कधी कुणी ठरवलं कोण जाणे. पण ठरलं होतं खरं.

मापाड्याकडे ॲल्युमिनियमची एक पन्हळ होती. तिच्या वरच्या टोकाजवळ एक खाच. खाचेत चेंडू ठेवायचा, खालचं टोक गवतावर टेकवायचं आणि वरचं टोक सावकाश उचलत न्यायचं. ठरावीक उंचीला पोचलं की चेंडू आपणहून खाचेतून सुटतो आणि पन्हळीतून उतरून गवतावर धावतो. माणसाच्या हाताचा जोर, त्याचा राग-लोभ त्यात येत नाही. चेंडू थांबला तिथवर टेप धरायची आणि किती फूट गेला ते बघायचं. असे तीन चेंडू इकडून तिकडे. मग तेच तीन उलटे, तिकडून इकडे. कारण जमीन कितीही सपाट दिसली तरी कुठे ना कुठे कललेली असतेच. जाताना उतार मिळाला असेल तर येताना चढ लागतो, आणि दोन्हींची सरासरी काढली की खरं माप हाती येतं. हा आकडा तो रोज सकाळी क्लबाच्या दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिही. तो वाचल्याशिवाय एकही सभासद मैदानात पाऊल टाकत नसे.

एवढ्याने त्याचं भागत नसे. चेंडू जाताना उड्या मारतो का, डावी-उजवीकडे डुलतो का, हे बघायला तो ग्रीनवर पोटावर आडवा होई आणि गाल गवताला लावी. नवा सभासद हे दृश्य पहिल्यांदा बघे तेव्हा धावत येई.

"अहो, काय झालं? चक्कर आली का?"

"बाजूला व्हा," मापाडी आडवा राहूनच म्हणे. "चेंडू येतोय."

खोटं त्याला जमत नसे. त्याहून वाईट म्हणजे त्याला याचा अभिमान होता. बायकोने हौसेने नवे पडदे शिवले आणि "कसे दिसतात?" म्हणून विचारलं, तेव्हा तो दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डावा बोटभर खाली आलाय." आजारी माणसाला बघायला गेला तर "गेल्या खेपेपेक्षा गाल बसलेत" असं सांगून येई. नातेवाइकांनी हात टेकले होते. बायको मात्र अधूनमधून फुशारकीही मारी, की आमच्या घरात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. कुणाला गरज पडली, तर शब्द इकडचा तिकडे करायलाही घरात कुणीतरी लागतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच क्लबात गवतखात्याचा मुख्य होता. कापणीयंत्राचं पातं किती खाली घ्यायचं, पाणी कधी सोडायचं, खत किती, हे सगळं त्याच्या हाती. नात्याने तो धाकटा आणि हुद्द्याने थोरला, त्यामुळे मापाड्याला हुकूम सोडतानाही त्याला विनंतीचा सूर लावावा लागे. "दाजी, सवड झाली तर सातवं ग्रीन बघाल का?" म्हणजे आत्ता बघा. "बघतो," म्हणजे निघालो. दोघांचा एकमेकांवर जीव होता, आणि दोघांनीही तो कधी बोलून दाखवला नव्हता. यंत्रांच्या शेडमागे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मेहुणा आणि त्याची बायको राहत. क्वार्टर नोकरीबरोबर आली होती आणि नोकरीबरोबरच जाणार होती.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्या वर्षी क्लबाला नवे अध्यक्ष आले. हे गृहस्थ पूर्वी एका कारखान्याचे मालक होते. कारखाना त्यांनी विकला होता, मालकी मात्र जवळच ठेवली होती. आल्या आल्या ते नदीपलीकडच्या क्लबात पाहुणे म्हणून खेळायला गेले आणि सपाटून हरून आले. हरण्याचं कारण त्यांना परतीच्या वाटेवर गाडीतच सापडलं होतं. पलीकडच्या ग्रीनचा आकडा अकरा होता आणि आपला साडेनऊ.

त्यांनी मेहुण्याला कचेरीत बोलावलं. मापाडीही फळ्याचा खडू संपला म्हणून तिथेच उभा होता.

"मोसमाच्या शेवटी ते आपल्याकडे खेळायला येणार आहेत," अध्यक्ष म्हणाले. "तोवर मला अकरा पाहिजे."

"साहेब, आपलं गवत वेगळ्या जातीचं आहे," मेहुणा म्हणाला. "पातं याच्या खाली घेतलं तर ऊन सोसणार नाही. टक्कल पडेल."

"गवत काय, पुन्हा येतं."

"वेळ लागतो साहेब."

"मग माणूस बदलून बघू," अध्यक्ष अगदी शांतपणे म्हणाले. "त्याला वेळ लागत नाही."

मेहुण्याच्या नाकी नऊ आले, ग्रीनवर मात्र अकरा काही येईनात. त्याने रूळ फिरवला, बारीक वाळू पसरली, खत थांबवलं, पातं केसाएवढं खाली घेतलं. आकडा दहाच्या आसपास पोचला आणि तिथे बसला. याच्या पुढे गेलो तर अकराच्या नादात बारा वाजतील, असं तो म्हणे आणि आपल्याच विनोदावर हसे. हसू फारसं खरं नसे. त्याची बायको भेटली की खालच्या आवाजात विचारी, "दाजी, आज किती आलं?" मापाडी आकडा सांगे, आणि आकडा खरा असल्यामुळे ती बिचारी गप्प होई.

"अहो, शेवटी तुमच्याच हातात आहे ना ते?" एकदा घरी बायकोने विषय काढला.

"माझ्या हातात पन्हळ आहे."

"आणि खडू?"

मापाडी पन्हळ पुसायला लागला. बायकोने मग बोलणंच सोडलं, आणि हे आठवडाभर चाललं. जेवण वेळेवर मिळे, शर्टाला इस्त्री असे, फक्त घर असं शांत झालं होतं की नळाचं टपटपणंसुद्धा टोमण्यासारखं ऐकू येई.

अशाच एका सकाळी मापाडी सरावाच्या ग्रीनवर होता. मेहुणा शेडच्या दारात उभा राहून लांबूनच बघत होता. जवळ येत नव्हता, कारण माप चालू असताना मापाड्याच्या आसपास उभं राहिलं तर त्याला दडपण येईल, असं त्याला वाटे. मापाड्याने तीन चेंडू उताराच्या अंगाने सोडले. अकराच्या जरा पुढे जाऊन थांबले. उताराला तेवढे जायचेच, त्यात नवल काही नव्हतं. आता पन्हळ घेऊन पलीकडे जायचं आणि उलटे सोडायचे. तो पलीकडे गेला, पहिला चेंडू खाचेत ठेवला आणि थांबला. मेहुणा शेडच्या दारातून किंचित पुढे आला होता, आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले होते. शाळेत निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसा तो दिसत होता. मापाड्याला त्याची दया आली, आणि मग आपल्याला दया आली याचा राग आला.

त्याने चेंडू खाचेतून उचलून खिशात टाकला. फळ्यावर जाऊन लिहिलं, अकरा.

खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, असं त्याने दिवसभर स्वतःला समजावलं. चेंडू सुटले ते आपणहून सुटले. टेप बरोबर धरली होती. जे मोजलं ते सगळं खरं होतं, फक्त निम्मं मोजलं होतं. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा तोही असा काटेकोरपणेच बोलतो.

परिणाम मात्र बघण्यासारखा झाला. सकाळी सगळ्यांत आधी आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी फळा वाचला, शिट्टी वाजवली आणि पहिल्याच ग्रीनवर चेंडूला नुसतं बोट लावावं तसं लावलं. चेंडू अर्ध्या वाटेतच थांबला. "बघा," ते सोबत्याला म्हणाले, "इतकं फास्ट आहे की हात आखडला माझा." त्यांच्या मागून आलेल्या बिल्डरने उलट जोरात मारला. चेंडू भोकाच्या पार पलीकडे गेला, आणि त्यालाही तोच पुरावा वाटला. दुपारपर्यंत क्लबात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. काच झालीय म्हणे, काच. अध्यक्षांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मनावर घेतलं की होतं. उगाच गवताचं नाव सांगत होतास."

मापाडी हे सगळं लांबून बघत होता. इतकी वर्षं हे लोक आपल्या गवतावर खेळतात असं तो समजत होता. ते फळ्यावर खेळत होते. हे कळल्यावर त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

खरी गंमत पुढेच झाली. संध्याकाळी मेहुणा सरावाच्या ग्रीनवर त्याच्याकडे आला, आणि त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता.

"दाजी, अकरा? मी चार दिवसांत पात्याला हात लावलेला नाही."

"आलं तसं लिहिलं," मापाडी म्हणाला. हे मात्र चक्क खोटं होतं, निम्मंसुद्धा खरं नव्हतं.

मेहुण्याने गुडघ्यावर बसून गवतावर तळवा फिरवला. "हाताला तर काही वेगळं लागत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. आतून सुकत असेल, सुकल्या गवतावर चेंडू असाच पळतो. मुळं धरत नसतील." आणि काळजीने म्हणाला, "वेळेवर सांगितलंत दाजी, नाहीतर गवत हातचं गेलं असतं."

त्याने पाणी वाढवलं. खत सुरू केलं. पातं वर घेतलं. दुसरा कुणी असता तर आपल्या हातावर विश्वास ठेवून गप्प बसला असता; पण दाजी खोटं बोलतील ही शक्यता त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. गवत तरारलं. खरं माप खाली आलं, मग आणखी खाली. सरावाच्या ग्रीनवर उताराच्या अंगानेही अकरा भरेना. तेव्हा मापाडी पन्हळ बगलेत मारून जास्त उतार शोधत हिंडू लागला. आज चौथं ग्रीन, उद्या बारावं, मग नवव्याचा तो कोपरा, जिथे पाणीसुद्धा ठरत नाही. तिथे कसाबसा अकरा भरे. फळ्यावर आकडा खाली आला की अध्यक्ष नोकरी काढून घेणार, आणि वर राहिला की मेहुणा पाणी वाढवणार. मधला रस्ता मापाड्याला दिसत नव्हता.

"पाणी जरा जास्त होतंय का?" त्याने एकदा विचारून बघितलं.

"तुमचा आकडा बघूनच सोडतोय," मेहुणा म्हणाला. "तो जरा खाली येऊ दे, लगेच बंद करतो."

त्याच वेळी सांगून टाकावं असं मापाड्याच्या फार मनात आलं. सांगितलं नाही. एक तर मेहुणा इतका सरळ, की ऐकताक्षणी अध्यक्षांकडे जाऊन कबूल करून आला असता. आणि दुसरं कारण मापाड्याने स्वतःशीही उशिराच कबूल केलं. सगळ्या जगात या एका माणसाचा त्याच्या शब्दावर पुरता विश्वास होता, आणि तो विश्वास गमवायची त्याची तयारी नव्हती.

सामन्याच्या दिवशी नदीपलीकडचे पाहुणे आले. त्यांचा कप्तान किडकिडीत आणि अतिशय सभ्य होता. त्याने फळा वाचला, पहिल्या ग्रीनवर चेंडू ढकलला, तो आपल्या पायाजवळच थांबलेला बघितला, आणि एक शब्द न बोलता गाडीतून स्वतःची पन्हळ काढून आणली. ग्रीनच्या मधोमध, बऱ्यापैकी सपाट जागी, त्याने तीन चेंडू इकडून सोडले, तीन तिकडून. बाजूला सगळा क्लब उभा.

"आठ," तो म्हणाला. "तेही जेमतेम." आणि पायाने गवत दाबून बघत म्हणाला, "गादी मात्र छान आहे."

पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मेहुण्याला पुढे बोलावलं. मापाडी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"आमचा मापाडी खोटं लिहीत नाही, हे अख्ख्या क्लबाला माहीत आहे," अध्यक्ष पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "कालपर्यंत इथे अकरा होता. एका रात्रीत काय केलंस तू?"

"चूक माझीच साहेब," मेहुणा म्हणाला. "गवत सुकतंय म्हणून मी पाणी वाढवलं. खत घातलं. पातं वर घेतलं. अंदाज चुकला."

"साहेब," मापाडी म्हणाला. "अकरा कधी नव्हताच. मी फक्त उताराचं माप घेत होतो. चढाचं सोडून देत होतो. त्याने पाणी वाढवलं ते माझ्या आकड्यावर विसंबून. चूक त्याची नाही."

 मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "काहीतरीच. आम्ही खेळलोय ना इथे. काच होती काच." बिल्डरनेही मान डोलावली. त्याने तर त्या काचेवर स्वतः चेंडू घालवले होते.

अध्यक्षांनी मापाड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मेहुण्यासाठी जीव तुटतो, समजतं मला," ते म्हणाले. "पण आयुष्यभर कमावलेली पत अशी उधळायची? शोभत नाही तुम्हाला."

"साहेब, खरं सांगतोय मी. नवव्या ग्रीनवर चला, दाखवतो."

"दाजी, बस करा." मेहुण्याने त्याचा दंड धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "पातं मीच वर घेतलं. पाणी मीच सोडलं. तुम्ही माझ्यापायी खोटं बोलू नका. तुम्हाला ते जमतही नाही."

यावर काही माणसं हसली, पण प्रेमाने.

महिनाअखेरीला क्वार्टर रिकामी झाली. मेहुण्याचं सामान एका टेम्पोत मावलं, आणि टेम्पो मापाड्याच्या घरापाशी येऊन थांबला, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. अध्यक्षांनी मापाड्याला नोकरीवर ठेवलं. वर बोलावून सांगितलं, की त्या दिवशीचं मी मनावर घेतलेलं नाही, इतक्या वर्षांत एकदा पाय घसरला तर घसरला. मापाडी पुन्हा तीन चेंडू इकडून आणि तीन तिकडून सोडू लागला. आकडा आठ येई, तो आठ लिही. लोक म्हणत, पूर्वीच्या माणसाने गवताची वाट लावून ठेवलीय, सुधारायला वेळ लागणार.

मेहुणा दिवसभर काम शोधत फिरे आणि संध्याकाळी जो कुणी घरी येईल त्याला ती गोष्ट सांगे. अख्ख्या क्लबासमोर, पाहुण्यांसमोर दाजी कसे पुढे झाले. ज्या माणसाने जन्मात खोटा शब्द काढला नाही, त्याने माझ्यासाठी काढला. सांगताना त्याचा आवाज भरून येई, आणि त्याची बायको पदराने डोळे पुशी. मापाडी उठून बाहेर जाई.

शेवटी एकदा त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"तो जे सांगतो ते खरं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खरं बोललो होतो. खोटं त्याच्या आधी चाललं होतं, रोज. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. मी आज त्याला सांगणार आहे."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हाच कळलं होतं. खडूचं मीच म्हटलं होतं ना."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" आता ती वळली. "नोकरी गेली, घर गेलं, इतक्या वर्षांच्या कामाला लोक नावं ठेवतायत. आपल्यासाठी कुणीतरी स्वतःची पत पणाला लावली, एवढं एकच त्याच्याकडे उरलंय. तेही काढून घेणार आहात का तुम्ही? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

मापाड्याने लोटलेलं दार उघडलं.

तो बाहेरच्या खोलीत आला. मेहुण्याकडे कुणी ओळखीचे आले होते आणि गोष्ट अर्ध्यावर आली होती. दाजींना बघताच मेहुणा उठून उभा राहिला आणि त्याने आपली खुर्ची पुढे केली.

"हेच ते," तो पाहुण्यांना म्हणाला.

मापाडी खुर्चीवर बसला.